पाव बादली

गोपीनाथरावांनी शेजारच्या दाराशी ठेवलेल्या हिरव्या बादलीचं झाकण हळूच उचललं आणि मटाराच्या टरफलांची एक ओंजळ काढून आपल्या बादलीत टाकली. इकडेतिकडे पाहिलं, आणखी एक ओंजळ घेतली. सत्तरी ओलांडलेला माणूस, जलसंसाधन खात्यातला निवृत्त हेडक्लार्क. उभ्या आयुष्यात सरकारी टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती, आणि आता सकाळी साडेसातला लोकांचा कचरा चोरत होता!

भोपाळमधल्या कोलार रोडवरच्या त्या कॉलनीत तीन महिन्यांपासून कचऱ्याला मोजमाप लागलं होतं. जितका कचरा, तितके पैसे. कचरागाडीबरोबरची बाई बादलीत डोकावून मोबाइलवर नोंद करायची: रिकामी, पाव, अर्धी, पूर्ण. नोंद झाली की ज्याच्या नंबरवर पैसे लागायचे त्याला लगेच निरोप जायचा. तेव्हापासून चांगलीचुंगली माणसं आपली पिशवी दुसऱ्याच्या बादलीत कोंबू लागली होती. परवाच दोन निवृत्त इंजिनियर नारळाच्या एका करवंटीवरून हातघाईवर आले. गोपीनाथरावांचं मात्र सगळंच उलटं. त्यांना कचरा कमी पडत होता.

त्यांच्या घरचे पैसे पुण्याहून मुलगी, क्षितिजा, भरायची. तिच्या फोनवर रोज यायचं: रिकामी. फार तर पाव बादली. आई गेल्यापासून बाबा सांगत होते, ‘मजेत आहे, पोळी-भाजी, वरण-भात सगळं स्वतः करतो,’ आणि ती बिचारी विश्वास ठेवत होती. पण बादली काही खोटं बोलेना. रविवारी तिने स्पष्टच विचारलं.

“बाबा, भाजी करता, तर देठं कुठे जातात? कांद्याची सालं?”

गोपीनाथराव पुण्यातल्या थंडीचं विचारू लागले.

“मी शनिवारी येते. तुमचं सामान बांधू. घराचं नंतर बघता येईल.”

गोपीनाथराव अमरावतीहून इथे आले तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं. भोपाळ आता त्यांच्या अंगात मुरलं होतं. पुण्यात अकराव्या मजल्यावर बसून करायचं काय? पण स्वयंपाकघरात पाऊलच टाकवत नव्हतं. बायको, लीलावती, होती तोवर ह्यांनी गॅस कधी पेटवला होता? डबा लावून पाहिला, तिच्या हातची चव नाही म्हणून आठ दिवसांत बंद केला. तेव्हापासून टपरीवरचा चहा, टोस्ट आणि केळी. केळ्याच्या सालांनी बादली ती किती भरणार?

“काका!”

दारात शेजारची मंजूषा उभी होती. भोपाळातच, तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, शाळेत शिकवणारी, सहा माणसांचं घर रेटणारी बाई. कचरा टाकणाऱ्याला पकडायचं म्हणून ती चार दिवस दाराआड टपून होती.

“रंगे हाथ पकडले! रोज माझ्या बाल्टीत कोण कचरा टाकतं ते बघतच होते. पण तुम्ही? तुमच्याकडून ही उम्मीद नव्हती हो!”

“टाकत नाही,” गोपीनाथराव पुटपुटले. “काढतोय.”

मंजूषाने त्यांच्या ओंजळीकडे पाहिलं.

“काढताय? माझा कचरा?”

आता खोटं काय बोलणार? उपाशी पोटी तेही सुचत नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“मला नाही जायचं गं. इथेच राहायचंय. आणि खरं सांगू? भूक लागते. खूप लागते.”

मंजूषाला हसू येत होतं, ते कुठल्या कुठे गेलं. ती तरातरा आत गेली आणि एक जड पिशवी घेऊन बाहेर आली.

“दोन किलो मटर आहे. छिलके हवेत ना? सोला मग. पण दाणे शिजवायचे.”

“मला येत नाही.”

“मला तरी कुठे येत होतं? माझ्या पहिल्या उसळीला सासूबाईंनी ठेवलेली नावं अजून चालू आहेत. तेल तापलं की जिरं, मग कांदा. अडलं तर बेल वाजवा. आणि माझे छिलके आधी परत टाका, चोरी ती चोरी!”

गोपीनाथरावांनी मुकाट्याने टरफलं परत टाकली. गाडी आली, बाईने नोंद केली: रिकामी.

दिवसभर ते सोलत बसले. संध्याकाळी, बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच, घरात फोडणीचा वास आला आणि त्यांना रडूच कोसळलं. डोळे पुसून मिठाचा डबा शोधेपर्यंत उसळ करपली. भाताचा लगदा झाला. तीन वेळा शेजारची बेल वाजली. मंजूषाने दारातूनच सांगितलं, आत काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, गाडीवरच्या बाईने झाकण उघडलं आणि भुवया उंचावल्या.

“अरे बाबूजी, आज तो पूरी भर गई!”

ते घरात येतात न येतात तोच फोन वाजला.

“बाबा, पूर्ण बादली? पाहुणे आलेत का?”

‘हो’ म्हटलं असतं तर भागलं असतं. ओठांवर आलंही होतं.

“नाही. उसळ करपली. भाताचा लगदा झाला. फेकलं सगळं.”

“मग जेवलात काय?”

“परत केली. मीठ फार पडलं, पण खाल्ली. दोनदा वाढून घेतली.” त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “क्षितिजा, आजवर तुला खोटं सांगत आलो. काही करत नव्हतो मी. काल पहिल्यांदा गॅस पेटवला.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

“मी उद्या येतेच आहे, बाबा. तिकीट काढलंय.”

“ये,” गोपीनाथराव म्हणाले आणि खुर्चीत बसले.

“सामान बांधायला नाही हो,” ती म्हणाली. “जेवायला येते. मीठ तेवढं बेताने घाला.”