मशीनचं भांडण

"मशीन माही होती! माह्या बापानं देल्ली होती!" आई ओरडत होती आणि बाबा तिच्याहून वरच्या आवाजात सांगत होते, "उद्या आणून देतो, उद्या!" तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात दोन पोलीस.

मशीनची गोष्ट जुनी होती. नागपूरला असताना बाबांनी आईची शिलाई मशीन तिला न विचारता आपल्या बहिणीला देऊन टाकली होती. आत्या गेली, मशीन भंगारात गेली, पण भांडण आणि बाबांचं 'उद्या' तीस वर्षं टिकलं. आमच्या वस्तीत अशी भांडणं घरोघरी चालायची, कोणी खिडकीसुद्धा लावून घेत नसे. इथे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला मात्र शेजारच्या हेदरला खरोखर काळजी वाटली आणि तिने फोन केला.

पोलीस बाई सभ्य होती. तिने आईला बाजूला बसवून विचारलं, घरात सुरक्षित वाटतं का? मी मराठीत सांगितलं. आई फिसकन हसली.

"यायलेच माह्यापासून जपा म्हणा."

तेवढं मी इंग्रजीत सांगितलं नाही. पोलीस गेल्यावर मी दोघांवर बरसलो. "इथे असं भांडत नाहीत, बाबा. माझी अब्रू घालवाल!"

बाबांनी मान खाली घातली. आयुष्यभर रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, प्रत्येक मोर्चात पहिल्या रांगेत. साहेबापुढे कधी न झुकलेली मान माझ्यापुढे झुकली, आणि मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही.

आईने काही दिवस कुजबुजत भांडून पाहिलं. दोघांनाही हसू यायचं. मग तेही थांबलं. भांडणाबरोबर त्यांचं बोलणंच गेलं, पण मी ऑफिसात सांगत होतो, आईबाबा मस्त रुळले.

दोन वर्षांनी बाबांचं हृदय थकलं. हॉस्पिटलमधून घरी आणताना ते मागच्या सीटवर आईशेजारी बसले होते. त्यांनी काचेला हात लावून पाहिला.

"कमल, काचा बंद हायेत. भांड नं वं जरासं. मशीनवरून."

"आता काहून भांडू? आराम करा तुम्ही."

घर येईपर्यंत ते बाहेर बघत राहिले. पंधरा दिवसांनी गेले.

अंत्यविधीची बुद्धवंदना झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी हेदर केक घेऊन आली. डोळे पुसत म्हणाली, किती शांत जोडपं होतं, दोन वर्षांत कधी आवाज आला नाही.

"काय म्हणते ते?" आईने विचारलं. मी सांगितलं.

आईने केक ओट्यावर ठेवला. हेदर गेल्यावर माझ्यापुढे हात केला. "अनुप, गाडीची चावी दे."

गाडी अंगणातच उभी होती. आई मागे, तिच्या जागेवर बसली. चारही काचा वर आहेत ना, ते वळून वळून पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होतो. तिचा हात शेजारच्या रिकाम्या जागेकडे उडत होता, पदर खांद्यावरून घसरला होता, तोंड सारखं चाललं होतं. मला एक अक्षरही ऐकू येत नव्हतं, पण सगळं पाठ होतं.

मग ती थांबली. 'उद्या आणून देतो' म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच. आणि पुन्हा सुरू झाली.