तुझा क्लायंट

हेमंतातली रक्तवर्णी, रेंगाळणारी सांज मिरजेतल्या त्या समुपदेशन केंद्राच्या तावदानांवर पेटली होती. आत, शाल्मलीच्या काळजात, त्या सांजेहून लाल काहीतरी धगधगत होतं. सूड. दुसरं नावच नाही त्याला.

शाल्मली अजून शिकाऊ समुपदेशक. तिच्याकडे येणारा मंदस्मित, मृदुभाषी शिरीष गेल्याच आठवड्यात गेला. त्यानं स्वतःच आपलं आयुष्य संपवलं.

तो सावरत होता तेव्हा तिच्या मार्गदर्शक कारखानीस मॅडम साऱ्या केंद्राला कौतुकानं सांगत, आपला क्लायंट हसायला लागला हं! तो गेला, आणि त्याच मुखातून शब्द आला, तुझा क्लायंट. आपला, आणि तुझा! एका मरणानं सर्वनाम बदललं. काय म्हणावं या बाईला!

आणि जाण्याआधी तो पुन्हा गप्प गप्प झाला, तेव्हा शाल्मली मॅडमच्या दारी गेली नव्हती का? मला भीती वाटतेय, म्हणाली नव्हती का? नव्या मुलींना सगळंच भयंकर वाटतं, असं हसून मॅडमनी तिला वाटेला लावलं होतं. ते हसू तिनं राखेखाली निखारा ठेवावा तसं जपलं होतं.

आज शिरीषच्या जाण्यावर सर्वांसमक्ष चर्चा होती. केंद्रातल्या सर्वांत जुन्या सुलभाताई मुद्दाम तिच्या शेजारी येऊन बसल्या. ऐन उमेदीत त्यांचाही एक क्लायंट असाच गेला होता. शांत हो, असं त्या म्हणाल्या नाहीत.

"राग येऊ दे, पोरी. फक्त स्वतःवर उलटवू नकोस."

मॅडमनी घसा खाकरला. तुझ्या क्लायंटबद्दल तूच सांग, म्हणाल्या.

शाल्मली उठली. धुमसत, पण स्पष्ट बोलली. ते दार, ती भीती, ते हसणं. सगळं माप तिनं मॅडमच्या पदरात घातलं. मॅडमचा गौर, गर्वोन्नत चेहरा पांढराफटक पडला. शाल्मलीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

"चुकलं माझं," मॅडम पुटपुटल्या. त्यांनी हात पुढे केला.

शाल्मलीनं तो घेतला नाही. क्षमा तिच्यापाशी नव्हती. आज नव्हती, कदाचित कधीच नसेल. ती मटकन खाली बसली, सुलभाताईंच्या खांद्यावर कलली, आणि इतके दिवस कोरडे राहिलेले डोळे वाहू लागले, संथ, अखंड, अनिर्बंध. त्या रडण्यात मॅडम कुठेच नव्हत्या. शिरीष होता, फक्त शिरीष.