अमरावतीहून, ताकद नऊ

चिंतामणने बिनतारी यंत्राच्या कर्ण्याचे तोंड भिंतीकडे वळवले, तरी आवाज थांबला नाही.

बारीक शिट्टी, थोडी थरथरती, प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला चिमणीसारखी चिवकणारी. लांब, आखूड, आखूड. त्याचेच नाव वाजत होते. सरकारने परवान्यावर दिलेले ते पाच अक्षरांचे नाव अकोल्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हते. तीन वेळा त्याचे नाव, मग थांबा, मग बोलावणाऱ्याचे नाव. तेही पाच अक्षरांचे. ते हेमचंद्राचे होते.

हेमचंद्राला जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दोन मिनिटे. बाहेर मे महिन्याचे ऊन. जुन्या शहराच्या त्या गल्लीत कुत्रेसुद्धा सावलीला गेले होते आणि मोर्णा नदीचे पात्र पांढरे पडले होते. बोलावणे संपले आणि संपल्यावर एक जादा टिंब, म्हणजे आखूड ठोका, पडले. हेमचंद्राचा हात असाच होता. दार ओढून घेतल्यावर माणूस पुन्हा एकदा कडी हलवून पाहतो, तसे त्याचे बोट ठोके पाठवायच्या चावीवर उगीच एकदा पडायचे.

चिंतामणने चावीला हात लावला नाही. त्याने दौत पुढे ओढली.

*

*परवाना, अट सहावी. प्रत्येक संभाषण नोंदवहीत त्याच वेळी, शाईने लिहावे. दिवस, वेळ, कोणाशी, आवाजाची ताकद एक ते नऊ. खाडाखोड करू नये.*

१४ मे १९३९. ३.०२. अमरावती. ताकद नऊ. उत्तर दिले नाही.

*

ताकदीचा आकडा लिहून झाल्यावर तो त्या आकड्याकडे पाहत राहिला. हेमचंद्र जिवंत असताना कधी सहाच्या वर ऐकू आला नव्हता. अमरावती साठ मैल. उन्हाळ्यात आवाज वर-खाली व्हायचा, मधेच बुडायचा. आज तो जराही हलला नव्हता.

दोघांची ओळख नागपूरच्या कॉलेजातली. हेमचंद्र अमरावतीला वकील झाला, चिंतामण अकोल्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवू लागला. पस्तीस साली दोघांनी एकाच टपालाने परवान्याचे अर्ज केले. हेमचंद्राने स्वतः जोडलेले पहिले यंत्र, एकाच व्हॉल्व्हच्या दिव्याचे, लाकडी पेटीतले, चिंतामणला देऊन टाकले आणि आपल्यासाठी मोठे केले. त्या पेटीचा आवाज चिवकायचा. पुढे चिंतामणनेही मोठे यंत्र केले आणि पेटी कुठेतरी ठेवली गेली. शाळा चालू असताना रविवारी आणि सुट्टीत रोज, दुपारी तीनला, दोघे इंग्रजी अक्षरांत मराठी बोलत. उन्हाळ्यात कानावरचे फोन तापत, म्हणून चिंतामण कर्णा लावी आणि सगळे माजघरापर्यंत शिट्टीसारखे ऐकू जाई. घरात त्याचा कोणाला त्रास नव्हता. आई, गोदाबाई, जेवून झोपत. तारा, त्याची बायको, उंबऱ्याशी बसून भाजी निवडे.

तीन वाजायच्या आत ताराचे एक काम असे. अंगणात पुरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घागरभर पाणी ओतायचे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की यंत्राची तार मुकी होते. हे त्याने तिला लग्नानंतर एकदाच समजावले होते. ती एकही दिवस विसरली नव्हती.

*

*अट अकरावी. संभाषण यंत्र, हवामान व ऐकू येण्याची प्रत यांपुरतेच असावे. घरगुती व खाजगी बाबी बोलू नयेत. बोलणाऱ्याने नेहमी असे धरून चालावे, की ऐकणारे एकाहून अधिक आहेत.*

*

ही अट त्याने तीन वर्षे पाळली. मग गेल्या उन्हाळ्यात मोडली.

ताराचे तिसरे मूलही जगले नव्हते. गोदाबाईंनी चिंतामणच्या दुसऱ्या लग्नासाठी पातूरची एक मुलगी पाहून ठेवली होती. ताराला त्या समोरच म्हणत, टेशनावर वाढलेली पोर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत बसली, हिच्या घरी कोण थांबणार. ताराचे वडील बडनेऱ्याला तारमास्तर होते. ती ऐकून घेई. पण पातूरचे तिला कोणी सांगितले नव्हते. कुंडल्या गेल्या, आल्या. चिंतामणने हे जगात एकाच माणसाला सांगितले, तेही तोंडाने नाही, चावीने. एप्रिलात, सुट्टी लागल्यावर, सलग चार दुपारी. हेमचंद्र म्हणाला होता, आधी तिला सांग. पाचव्या दुपारी अमरावती वाजलीच नाही. विषमज्वर होता.

आता पातूरला एकवीस मेच्या रविवारी होकार जायचा होता.

*

१५ मे. ३.००. अमरावती. ताकद नऊ. उत्तर दिले.

त्याने आधी फक्त आपले नाव वाजवले. बोटाला घाम आला होता. पलीकडून तीच चिवकती शिट्टी, तोच संथ हात.

त्या गोष्टीचे काय ठरले, हेमचंद्राने विचारले.

चिंतामणने दाराकडे पाहिले. उंबऱ्यावर निवडलेल्या चुक्याच्या भाजीच्या काड्या पडल्या होत्या. तारा पोथीला गेली होती. मे लागल्यापासून ती या वेळी राममंदिरात पोथी ऐकायला जाई. त्याने विचारले, कोणती गोष्ट?

पातूरची.

हे दोघांतच होते. त्यातला एक जळून गेला होता. चिंतामणच्या मानेवरून काहीतरी थंड उतरले आणि त्याच वेळी, याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटली, त्याला हलके वाटले. विचारणारे कोणी उरले होते.

रविवारी कळवायचे आहे, त्याने वाजवले.

तिला सांगितलेस?

नाही.

का?

त्याने घामेजलेले बोट धोतराला पुसले. मग वाजवले, ती काही बोलणार नाही, म्हणून भीती वाटते.

पलीकडून बंद करण्याची खूण आणि जादा टिंब.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीत बसला. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला पोचला. हेमचंद्राच्या घराच्या गच्चीवर दोन बांबूंमधली तार जागेवर नव्हती. ती खाली अंगणात बांधली होती आणि तिच्यावर धुणे वाळत होते.

हेमचंद्राची बायको, सिंधू, भिंतीला टेकून बसली. तिने हाताने खोली दाखवली. यंत्रावर धोतराचे पान टाकले होते. त्याने ते उचलले. बॅटरीतले पाणी आटून पत्रे पांढरे झाले होते. चावीला कोळिष्टक लागले होते. महिनाभरात तिला कोणी हात लावला नव्हता.

त्याने विचारायचे टाळले, तरी सिंधूच बोलली.

"शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती त्यांना. पण बोट चालूच होतं. खाटेच्या लाकडावर."

"काय वाजवत होते?"

"मला काय कळतंय भावजी. तुमच्या घरी कळलं असतं कोणाला तरी."

परतीच्या गाडीत तो या वाक्याचा अर्थ लावत नव्हता. तो फक्त धुणे वाळत घातलेली तार आठवत होता.

*

१७ मे. ३.००. अमरावती. ताकद नऊ.

अमरावती लिहिताना निब अडले. खाडाखोड करायची नव्हती, म्हणून तसेच पुढे लिहिले. त्या दिवशी हेमचंद्राने एकच विचारले. ती मुलगी कशी आहे?

पाहिली नाही, चिंतामणने वाजवले. मग, काही वेळाने, सोळा वर्षांची आहे.

टिंब.

*

मनकर्णाबाई नदीकाठच्या मळ्यातून भाजी घेऊन येई. गुरुवारी सकाळी तिने टोपली उतरवली आणि पदराने तोंड पुसत ती खोलीतल्या यंत्राकडे पाहून हसली. तिला त्या कर्ण्याची फार गंमत वाटे.

"काय मास्तर, भुतं बोलतेत का अजून?"

चिंतामणने मान उचलली. तिने मात्र वांगी निवडून द्यायला घेतली होती.

"तुमच्या घरचं मले काई समजत नाई," ती म्हणाली. "आमी इकडं मळ्यात थेंब थेंब पानी पुरवून राहिलो, विहीर तळाले गेली. आन तुमच्या गोवऱ्याच्या खोलीमांगं चिखल! बाईले म्हनलं, एवढं पानी ओतून राहिली तं दुधीचा येल तरी लाव. तं म्हने, नको, तिथं काई लावायचं नाई. काहून वो? वाया जाऊन राहिलं ना."

"खोलीच्या मागे?"

"हौ. तुमच्या त्या आंगनातल्या पत्र्यापाशी नाई. मांगं."

तिने वांगी मोजून ठेवली, दोन वर टाकली आणि टोपली उचलून गेली.

चिंतामण अनवाणीच अंगणातून मागे गेला. फरशी तापली होती. गोवऱ्यांच्या खोलीमागची जमीन, हातभर जागा, काळी आणि ओली होती. कडेने मुंग्यांची रांग वळसा घालून जात होती. त्या ओल्या मातीतून एक तांब्याची तार वर येऊन खोलीच्या पत्र्याच्या भिंतीतल्या फटीतून आत गेली होती. दुसरी तार छपराच्या वाशावरून चिंचेपर्यंत ताणलेली होती. सुतळीसारखी दिसावी म्हणून तिच्यावर जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या.

आत गोवऱ्यांच्या राशीमागे हेमचंद्राने दिलेली ती लाकडी पेटी होती. पुढे पाट मांडलेला. कोनाड्यात, उन्हाची तिरीप पडे तिथे, त्याने टाकून दिलेल्या कोरड्या बॅटऱ्या ओळीने ठेवल्या होत्या. उन्हात तापवल्या की त्यांत थोडा जीव येतो. हे त्यानेच एकदा हेमचंद्राला वाजवून सांगितले होते.

चावीच्या गोल मुठीवर हळदीचा डाग होता.

त्याने हात मागे घेतला. हेमचंद्राची शिट्टी आली होती तेव्हाही एवढी भीती वाटली नव्हती. तो उभ्या उभ्या मागे मोजू लागला. या उन्हाळ्यातले दिवस. एप्रिलातल्या चार दुपारी. त्याआधीचा उन्हाळा, त्याआधीचा. माजघरापर्यंत जाणारी शिट्टी, उंबऱ्यावरची भाजी. तिसऱ्या बाळाच्या वेळी त्याने वाजवले होते, मला आता तिच्याकडे पाहवत नाही. तेव्हा कर्णा लागलेला होता. तारा मेथी निवडत होती. काडी मोडल्याचा आवाज थांबला होता का, ते त्याला आठवेना.

तो त्या दुपारी यंत्रापाशी बसला नाही. तीन वाजता यंत्राच्या खोलीत उभा राहून फक्त ऐकले. त्याचे नाव सहा वेळा वाजले. कंटाळून नाही, तक्रारीने नाही. ठरल्या वेळी आलेली गाडी जशी शिट्टी देते, तसे.

*

*अट चौदावी. विनापरवाना यंत्र चालवणारी व्यक्ती माहीत असल्यास परवानाधारकाने ताबडतोब पोस्टखात्याला लेखी कळवावे. न कळवल्यास परवाना रद्द होईल. घरातील इतर कोणालाही चावीला हात लावू देऊ नये.*

*

शुक्रवारी सकाळी त्याने दोन कार्डे काढली. एकावर पोस्टखात्याचा पत्ता लिहिला आणि खाली काहीच लिहिले नाही. दुसऱ्यावर पातूरचा. त्यावर चार ओळी लिहिल्या. गोदाबाईंनी विचारले, कोणाला? त्याने सांगितले. त्यांनी ताट सरकवून दिले आणि त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. तो स्वतः टपालपेटीपर्यंत चालत गेला.

अडीचला ताराने अंगणातल्या पत्र्यावर घागर ओतली, पदर डोक्यावर घेतला.

"पोथीला जाऊन येते."

"आज कुठला अध्याय आहे?" त्याने विचारले. इतक्या दिवसांत प्रथमच.

तिने रिकामी घागर भिंतीशी ठेवली. "तोच चालू आहे," म्हणाली आणि गेली.

तीनला शिट्टी आली. त्याने पहिल्याच हाकेला उत्तर दिले. मग न थांबता, एकेक अक्षर सुटे करत, वाजवत गेला.

पातूरला नाही कळवले. कार्ड सकाळी टाकले. तिला सांगायचे होते, तोंडाने जमले नाही. जे मी तुला या चार वर्षांत वाजवले, त्यातले पुष्कळ वाजवायला नको होते.

मग नियमाप्रमाणे समोरच्याची ताकद कळवायची असते. त्याचे बोट चावीवर थांबले. कर्णा अजून गुणगुणत होता. एवढ्या जवळच्या आवाजाने त्याचा पत्रा थरथरत होता.

तुझी ताकद तीन, त्याने वाजवले. फार दुरून येतो आहेस. मधे मधे बुडतोस. पुन्हा ऐकू येशील असे वाटत नाही.

घड्याळ टिकटिकत होते. मग शिट्टी उमटली, पण तो हात हेमचंद्राचा नव्हता. हा जलद होता, कोरडा. स्टेशनातल्या टेबलावर तार उतरून घेणाऱ्याचा असावा असा, आणि चिंतामणने तो आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

मिळाले.

बस एवढेच. त्याने कर्ण्याला कान लावला आणि जादा टिंबाची वाट पाहिली. ते आले नाही. मागे कुठेतरी पत्र्याचे दार लागले.

त्याने नोंदवही उघडली. दिवस, वेळ. कोणाशी, हा रकाना त्याने तसाच ठेवला. ताकदीच्या रकान्यात तीन लिहिले. चार वर्षांतली ती पहिली जाणूनबुजून लिहिलेली खोटी नोंद.

शाई वाळत होती तेव्हा तारा आत आली. तिच्या पावलांना ओली माती लागली होती. तिने चहाचा पेला टेबलावर ठेवला, वहीच्या शेजारी, आणि उघड्या पानावर नजर टाकली. ती इंग्रजी आकडे वाचते की नाही, हे चिंतामणला इतक्या वर्षांत कधी विचारावेसे वाटले नव्हते.

वळता वळता तिचे बोट टेबलाच्या लाकडावर पडले, एकदाच, हलकेच.

मग ती माजघरात गेली आणि भाजी निवडायला बसली. चिंतामण चहा निवेपर्यंत टेबलावरची ती जागा पाहत राहिला.