खंडेनवमीचा नारळ

पडदा एकदा लखलखला, मग काळा झाला आणि त्यात सर्जेरावांना स्वतःचंच तोंड दिसलं. कपाळाला कुंकू, वासलेला जबडा, आणि हातात नारळाची अर्धी वाटी. वाटीतलं पाणी आता वाटीत नव्हतं.

"चालू हो की रे," ते लॅपटॉपला म्हणाले. "चालू हो बाबा."

लॅपटॉप काही बोलला नाही. तसा तो धडधाकट असतानाही कधी बोलत नसे, आणि सर्जेरावांना पहिल्या दिवसापासून तेच खटकत आलं होतं.

सुनेनं, रूपालीनं, तो घ्यायच्या आधी कितीतरी दिवस फोनवर लोकांची मतं ऐकली होती. ज्यांनी तो लॅपटॉप घेतला होता ती माणसं कॅमेऱ्यापुढं बसून संसाराची हकिकत सांगावी तशी त्याची हकिकत सांगत. 'सहा महिने वापरल्यावर', 'एक वर्ष सोबत राहिल्यावर'. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या मारायचा आणि ओट्यावरच्या फोनमधून कुणी दिल्लीचा पोरगा त्याच्या बॅटरीचे गोडवे गायचा. जावयाचं कौतुक करावं तसं चाललेलं असे. एक बाई म्हणाली, "यात पंखाच नाही, त्यामुळे आवाजच नाही." रूपालीला ते फार आवडलं. जेवत बसलेल्या सर्जेरावांचा घास मात्र हातातच राहिला.

त्यांची सगळी उमर चितेगावच्या एका कंपनीत, पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर गेली होती. मशीनची तब्येत ते कानानं ओळखत. बेअरिंग कुरकुरलं, पट्टा सैल झाला, की मशीन आवाज बदलून सांगतं. मुकं मशीन त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं. भुंकणाऱ्या कुत्र्याची भीती नसते, गुपचूप येणाऱ्याची असते, असं त्यांचं साधं गणित होतं.

आणि चावलेलं त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नव्हती. कंपनीत दर खंडेनवमीला मशीन धुऊन पुसून हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे, पायाशी नारळ फोडून त्याचं पाणी मशीनवर शिंपडायचे, आणि मग दसरा होईपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. एका वर्षी माल घाईनं पाठवायचा होता. साहेब म्हणाले, पूजा नंतर करू. मशीन सणाच्या दिवशीही चाललं, आणि त्याच आठवड्यात सर्जेरावांची बोटं गेली. बोटं वाचवणारा गार्ड काढून ठेवलेला होता हे खरं कारण, ते त्यांनी चौकशीतही सांगितलं होतं. पण चौकशी संपते, मन संपत नाही. तेव्हापासून चारचौघांत तो हात खिशात असे. दसऱ्याला सोनं द्यायला माणसं आली की ते डोक्यावरची टोपी काढून उलटी धरत आणि म्हणत, "टाका टोपीत."

रूपालीच्या हातांचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते बघत होते. ती पोळ्या लाटता लाटता थांबायची आणि ओले हात झटकावेत तसे कोरडे हात झटकायची. चहाचा कप उजव्यातून डाव्यात घ्यायची. दोन आठवड्यांपूर्वी तिच्या हातातून मिठाची बरणी पडली. इंद्रजीत, सर्जेरावांचा मुलगा, म्हणाला, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष बरणीतच होतं, हे सर्जेरावांनी बघितलं होतं. नव्हतं ते हातातलं बळ. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. ते मुकं मशीन दिवसभर तिच्या दोन्ही हातांखाली असायचं, आणि त्याच्यासमोर आजवर कुणी साधी उदबत्तीसुद्धा लावली नव्हती.

मागच्या खंडेनवमीला त्यांनी विषय काढून बघितला होता. रूपाली हसली होती. "मामा, याला कुंकू नाय चालत. बटणांत जातं."

म्हणून आज ती फुलं आणायला गुलमंडीला गेली आणि इंद्रजीत वाळूजला कंपनीच्या पूजेला गेला, तेव्हा सर्जेराव उठले. सुनेचा शब्द त्यांनी पाळला होता, अगदी मोडला असं नाही. कुंकवाचं बोट फक्त झाकणाच्या पाठीवर टेकवलं. मग झाकण उघडलं, कारण तोंड मिटलेल्या देवाला नैवेद्य दाखवून काय उपयोग! नारळ बाहेर पायरीवर फोडला. पाणी असलेली वाटी उजव्या हातात घेतली, पूजेला डावा हात कसा चालेल? त्यात फूल बुडवून थेंबभर शिंपडायचं, एवढंच. पण ओली करवंटी तीन बोटांत फिरली, आणि ती सावरेपर्यंत सगळं पाणी बटणांवर गेलं.

आता ते धोतराच्या सोग्यानं बटणं टिपत होते. संध्याकाळी रूपालीला पुण्याच्या साहेबांना नवीन डिझाईन दाखवायची होती. लोकांच्या स्वयंपाकघरांची चित्रं काढायचं तिचं काम, आणि आजचं काम पसंत पडलं की तिला कायम करणार होते. सकाळीच तिनं देवापुढं साखर ठेवली होती. सहा महिन्यांचं काम याच डबड्यात होतं, आणि डब्याला गोडसर वास सुटला होता.

त्यांनी फोन तोंडापाशी धरला आणि हळूच विचारलं, "लॅपटॉपवर नारळाचं पाणी सांडलं तर?"

फोननं मालकांची फौज उभी केली. कुणी कॉफी सांडली होती, कुणी बीअर, एकीच्या लेकरानं दूध ओतलं होतं. एकाचा दोन दिवसांनी चालू झाला, तो देवाचे आभार मानत होता. एकाचा कायमचा गेला, तो कंपनीला शिव्या घालत होता. नारळाचं पाणी कुणीच सांडलं नव्हतं. सगळ्या हिंदुस्थानात हा मान एकट्या सर्जेरावांचा. एकानं तांदळात पुरून ठेवायला सांगितलं. घरात तांदूळ डब्याच्या तळाशी होता आणि कोठीत ज्वारी. त्यांनी लॅपटॉप ज्वारीत खुपसला, मग कडेच्या भोकांत दाणे जातील म्हणून घाबरून उपसला, आणि मग त्यांना रडूच आलं.

बाजाराच्या पिशवीत लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून ते रिक्षात बसले. बायपासच्या रस्त्यावर खड्डा आला की ते पिशवी दोन्ही हातांनी अधांतरी धरत. पिशवी मांडीवर घेऊन ते सारखं एकच म्हणत होते, ती घरी यायच्या आत, देवा, ती घरी यायच्या आत.

पैठण गेटला दुरुस्तीच्या दुकानांची रांग आहे. त्यातल्या एका टपरीवजा दुकानात भिंग डोळ्याला लावलेला पोरगेला माणूस बसला होता. त्यानं लॅपटॉप उघडला, बटणांवर बोट ठेवलं आणि ते बोट दुसऱ्या बोटाला चिकटवून बघितलं.

"चाचा, क्या गिराए इसपे?"

"पाणी."

"पानी ऐसा चिपचिप नै होता."

"नारळाचं पाणी. पूजा व्हती."

सर्जेरावांना वाटलं, हा आता हसेल. तो हसला नाही. "दसरे में हर साल आते, चाचा. किसी का कुंकू, किसी का तेल. नारियल पहला है." त्यानं झाकणाच्या पाठीवरचं कुंकवाचं बोट बघितलं. "खोलना पडेंगा. पर खोले तो वारंटी जाती. मालिक कौन है इसका?"

"सून."

"तो उनकू फोन लगाव."

सर्जेरावांनी फोन काढला, पण अंगठा नावावर टेकेना. प्रेसनं बोटं नेली तेव्हाही ते असे भ्यायले नव्हते. तेव्हा जे जायचं ते त्यांचं स्वतःचं होतं. एवढ्यात फोनच वाजला आणि त्यांच्या हातातून पडता पडता राहिला.

"मामा! कुठं हाय तुम्ही?" रूपालीचा आवाज फाटला होता. "दार सताड उघडं, पायरीवर नारळ फुटलेला, घरभर ज्वारी, लॅपटॉप नाय! कुणी शिरलं व्हतं का घरात? तुम्हाला काय केलं का कुणी? बरे हाय ना तुम्ही?"

ती लॅपटॉपचं ओरडेल याची त्यांनी तयारी केली होती. 'बरे हाय ना' याची केली नव्हती.

"बरा हाय मी," ते म्हणाले. "चोर नाय आला. लॅपटॉप मी आणलाय, पैठण गेटला. बंद पडला, पोरी. माझ्या हातानं."

ती स्कूटीवरून आली. पिशवीतली फुलंसुद्धा घरी काढून ठेवली नव्हती. दुकानदारानं तिच्याकडं बघितलं, तिनं मान हलवली, आणि त्यानं खालचे स्क्रू काढले. आत एक हिरवी पाटी होती आणि पाटीवर ओल पसरली होती. त्यानं भिंगातून बराच वेळ बघितलं, वायर लावून बघितली, पुसून पुन्हा लावली. सर्जेराव त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. दवाखान्याच्या दारात उभं राहून डॉक्टरच्या तोंडाकडं बघतात तसे.

"बोर्ड गया, ताई," तो म्हणाला.

रूपालीनं ओठ घट्ट दाबले. "मी सांगितलं व्हतं ना मामा? सांगितलं व्हतं का नाय मागच्या साली?"

"सांगितलं व्हतं."

"मग? संध्याकाळी काय दाखवू मी त्यांना? नारळ?"

तिचे डोळे भरले आणि ती पाठ फिरवून रस्त्यावर गेली. सर्जेराव स्टुलावर बसून राहिले. आता आपल्याला लासूर स्टेशनला भावाकडं पाठवतील, त्यांना वाटलं, आणि पाठवलं तर बरोबरच आहे. बाहेर ती फोनवर कुणाशी तरी भराभर बोलत होती. मग पदरानं नाक पुसत आत आली.

"माझ्या मैत्रिणीचा, संस्कृतीचा लॅपटॉप घेते संध्याकाळपुरता," ती म्हणाली. "काम गेलं नाय. काम वर असतं."

सर्जेरावांनी दुकानाच्या पत्र्याकडं बघितलं. वर म्हणजे कुठं, हे विचारायची ही वेळ नव्हती. काम आहे एवढं त्यांना कळलं.

"पण का केलं हे?" तिनं विचारलं. आता आवाज उतरला होता. "मी नको म्हटलेलं तुम्ही कधी करत नाय."

"तुझ्या हातातून मिठाची बरणी पडली."

"मग?"

"हात झटकतीस तू. चपाती लाटताना, दळण उचलताना. मी बघतोय कधीचा." त्यांनी उजवा हात खिशातून काढला नाही, पण खिशात तो हलला. "माझ्या मशीननं मला इशारा दिला नव्हता. हे मुकं तुझ्या हातांतून देतंय. मला लई भ्या वाटलं, पोरी. पूजेशिवाय मला दुसरं काय येतंय?"

रूपालीनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, जणू ते तिथं आहे का ते चाचपून बघितलं.

"मुंग्या येतात," ती हळूच म्हणाली. "झोपेतून जाग येते तवा पंजा माझा नसल्यागत असतो. यांना सांगितलं नाय. काम सोड म्हणतील म्हणून."

"मला ठाऊक हाय."

"मला बी भ्या वाटतं, मामा."

दुकानदार पाठमोरा होऊन कसला तरी स्क्रू शोधत होता. बराच वेळ त्याला तो सापडला नाही.

संध्याकाळी तिनं मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून डिझाईन दाखवली. पसंत पडली, कायम करण्याचं दिवाळीनंतर बघू, असं साहेब म्हणाले. इंद्रजीत कंपनीतून प्रसादाचा पुडा घेऊन आला, सगळं ऐकून बापावर चिडला, बायकोवर चिडला, आणि मग कुणाला न विचारता केरसुणी घेऊन ज्वारी गोळा करायला लागला. रूपालीनं त्याला मनगटाचं सांगितलं तेव्हा तो तसाच खाली बसला. सण उरकला की दवाखान्यात जायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सर्जेराव नवं धोतर नेसून ओसरीवर बसले होते. गल्लीतली माणसं आपट्याची पानं घेऊन येत होती, वाकत होती, आणि सर्जेराव उलटी टोपी पुढं करून "टाका टोपीत, सोन्यासारखं ऱ्हावा" म्हणत होते. टोपी निम्मी भरली होती.

शेवटी रूपाली आली. उजव्या मनगटाला तिनं पट्टी गुंडाळली होती. त्यांनी सवयीनं टोपी पुढं केली.

"टोपीत नाय, मामा," ती म्हणाली. "हातात."

त्यांनी ओसरीवरच्या माणसांकडं बघितलं. कुणाचं लक्ष होतं, कुणाचं नव्हतं. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली, उजवा हात खिशातून काढला आणि तिच्यापुढं पसरला. तिनं पान ठेवलं. पण नसलेल्या दोन बोटांच्या फटीतून ते खाली पडलं.

रूपाली वाकली, पान उचलून पदराला पुसलं आणि पुन्हा त्याच तळव्यावर ठेवलं. सर्जेरावांनी होती ती बोटं हळूहळू मिटली.