आत्याची शंभर कोडी

ऐका ना, मध्ये बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटेल.

आमची आत्या माहितीये ना? टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली, शब्दकोडी बनवते ती. तिचं पहिलं पुस्तक येणार होतं, शंभर कोड्यांचं. आठ महिने खपत होती बिचारी. प्रकाशकबाईंनी स्पष्ट सांगितलेलं, शुक्रवारी पाचपर्यंत फाइल आली नाही तर तुमच्या जागी दुसरं पुस्तक जाईल.

शुक्रवार, दुपारचे अडीच. आत्या कॉम्प्युटर लावते तर काळा पडदा! वर एकच ओळ, सुरू करण्याजोगं काही सापडत नाही.

"कॉपी आहे ना गं?" मी विचारलं.

"बारा आहेत!" आत्या ठसक्यात म्हणाली.

"कुठे?"

"ह्यातच की."

मी कपाळावर हात मारला.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, डिस्क गेली, आणून टाका, सगळं पुसून नवं घालून देतो. आत्या खुर्चीत बसली ती बसलीच. "सगळं पुसून," एवढंच पुटपुटली. तिचा तो चेहरा मला बघवेना.

म्हटलं, थांब. चालू करताना एक बटण टकाटक दाबलं की सेटिंगचा निळा पडदा येतो, तेवढं मला माहीत होतं. आला. पुढे काय, देव जाणे! पण आत्या चष्मा सावरत पुढे वाकली. "भिंगरे, कोडं सोडवताना आधी सोपं घर भरायचं. ही तारीख बघ."

एक जानेवारी. आणि साल? मी दुसरीत होते तेव्हाचं!

मी तारीख नीट केली, सेव्ह केलं. तरी तोच काळा पडदा. मग आमच्या घरच्या पद्धतीने भिंतीवरचं बटण बंद करून परत लावलं. आमचे बाबा, तुम्हाला सांगते, खोलीत कोणी नसलं की बटण बंद. वर्षानुवर्षं रोज रात्री कॉम्प्युटरचंही बंद. वीज कंपनीने सत्कार करावा असा माणूस! तर परत निळा पडदा उघडला आणि तारीख पुन्हा एक जानेवारी.

"वीज गेली की विसरतो हा," आत्या म्हणाली. "मग एरवी कशाच्या जोरावर लक्षात ठेवतो?"

आणि माझी ट्यूब पेटली. सेल! आत बटणाएवढा सेल असतो. वीज असली की त्याला आराम, नसली की सगळा भार त्याच्यावर. बाबांनी त्याला रोज रात्रपाळी लावलेली, शेवटी मान टाकली त्याने.

वायर काढली, डबा उघडला, सेल उपसला. आता नवा कुठून आणायचा? चार वाजून गेले होते. सेलवरचा नंबर वाचला आणि थेट स्वयंपाकघरात. आईच्या वजनकाट्यात तोच सेल, मीच बदललेला मागच्या महिन्यात.

"अगं, दोन केकची ऑर्डर आहे माझी!" आई ओरडली.

"आत्याचं पुस्तक आहे, आई!"

मग तिनेच काटा उलटा केला आणि चमच्याच्या टोकाने सेल काढून दिला. "घे. मी वाटीने मापते. पळ."

बसवला, तारीख परत घातली, भिंतीवरचं बटण बंद करून लावलं. तारीख टिकली! पण पडदा काळाच. मला रडू यायचं बाकी होतं. आत्या मात्र आता रंगात आलेली. "तारीख विसरला, तर आणखी काय विसरला असेल?"

डिस्क! आमच्या डब्यात दोन आहेत. एक रोजची, आणि एक जुन्या कॉम्प्युटरची, नुसते फोटो असलेली. चालू होताना आधी कुठली उघडायची, त्या यादीत जुनी पहिली आलेली. वेडा रिकाम्या घराचं दार ठोठावत बसला होता! मी रोजची वर घेतली, सेव्ह केलं, श्वास रोखला...

आणि ती ओळखीची टुंग! आम्ही दोघी अशा किंचाळलो की आई पिठाच्या हातांनी धावत आली. शंभरच्या शंभर कोडी जागेवर. चार बावन्नला फाइल गेली. चार छप्पनला बाईंचं उत्तर आलं, "मिळाली. छापायला घेतो."

आम्ही तिघी नाचत बाहेर आलो, तर आतून टक्!

बाबा. रिकामी खोली बघितली आणि हात गेला बटणावर.

"दादा!!" आत्या इतक्या जोरात ओरडली की बाबांनी हातच वर केले. "अगं, कोणी नव्हतं म्हणून..."

मी धावत जाऊन बटण लावलं, कॉम्प्युटर चालू केला. चौघं पडद्याकडे टक लावून. एक, दोन, तीन... टुंग! आपला आपण उघडला, तारीखसुद्धा आजची.

आत्याने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि ऐटीत खुर्चीत बसली.

"दादा," ती म्हणाली, "परत एकदा बंद कर बघू."