हौसाबाईंच्या पोटातलं पाणी

सकाळी अकरा वाजता हौसाबाईंच्या पोटातलं पाणी काढलं. २००७ चा मे महिना. त्यांच्या लेकीने, सुलूने, त्या पाण्याची बाटली मासळीच्या थर्माकोलच्या डब्यात, बर्फात घालून भाईंदरच्या केबिन रोडवरच्या लॅबमध्ये पोचवली.

आधीच्या तपासणीत त्या पाण्यात संशयास्पद पेशी दिसल्या होत्या. त्या कॅन्सरच्या की टीबीच्या सुजेने बिघडलेल्या, हे सूक्ष्मदर्शकाला सांगता येईना. लॅबचं नवं मशीन पेशींच्या रेणूंतल्या खुणा, म्हणजे मार्कर, शोधून ते सांगणार होतं. पोट उघडून तुकडा काढू द्यायला हौसाबाई तयार नव्हत्या. सगळी भिस्त या बाटलीवर.

पण मशीनचं उद्घाटन व्हायचं होतं.

"भाऊ निघालेत, ताई," लॅबचे मालक जयकुमारशेठ म्हणाले. "पहिलं सॅम्पल तुमच्या आईचं. नशीब लागतं!"

भाऊ म्हणजे नगरसेवक गुणवंतभाऊ. ते पेणकरपाड्यात एका गटाराचं लोकार्पण करत होते.

ते आले तेव्हा ऊन कललं होतं. मशीनला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फुटला. मासळीचा वास मारणारा थर्माकोलचा डबा फोटोत नको म्हणून बाजूला सारला आणि बाटली सुलूच्या हातात दिली.

"बर्फाशिवाय चालेल ना, शेठ?"

"अरे ताई, दो मिनिट!"

मग भाऊंनी माइक घेतला. सुलूनेही पदर सारखा केला. पेपरात फोटो येणार होता. बाटली तिच्या मुठीत कोमट झाली.

फोटो आला. मथळा होता, 'भाईंदरमध्ये कॅन्सर आता लपणार नाही'. मागोमाग रिपोर्ट आला: नमुना खराब, मार्कर वाचता आले नाहीत, नवा नमुना द्यावा.

पोटात मात्र पाणी उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, साचू दे. तेव्हापासून सुलू सकाळ-संध्याकाळ आईच्या पोटावर हात फिरवू लागली.

"आये, फुगलंय का गं?"

"न्हाय गो. लेक हायस का वैरीण? माजं पोट फुगायची वाट बघते!"

पाणी साचेना, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, मशीनचा गुण आला. शेठनी लगेच लॅबच्या दारावर हौसाबाईंचा हसरा फोटो लावला. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं: पाणी नाही म्हणजे रोग नाही, असं नव्हे.

सुलूने डबा धुऊन दाराशी ठेवलाय. कालच्या सोनोग्राफीत थोडं पाणी दिसलं. सुईत येण्याइतकं नाही.