चौथ्या गाण्यातला श्वास

डेल क्रेनेकच्या अल्बममधलं चौथं गाणं लोकांना वेड लावतं. कडव्याच्या शेवटी अकॉर्डियननं गाणाऱ्याला उत्तर द्यायचं असतं. तिथं सूरच नाही, नुसता भात्याचा श्वास आहे. कुणी म्हणतं, हा वाळवंटातला वारा. कुणी म्हणतं, सरहद्दीच्या नदीपलीकडचं दुःख. म्हणोत बापडे. मी तिथं होते, आणि माझी पाचावर धारण बसली होती.

अ‍ॅलिस गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तिघं वाजवत होतो. डेल गायला, माझे वडील, म्हणजे अपा, मेलितोन अकॉर्डियनवर आणि मी बाहोवर, म्हणजे आमच्याकडची बारा तारांची जाड गिटार. ती बाहो मूळची माझ्या भावाची, रुबेनची. अपांशी भांडून तो ह्यूस्टनला निघून गेला, तेव्हा ती माझ्या हातात आली. दोन वर्षांनी गावाच्या वेशीपर्यंत येऊन तो परत फिरला आणि त्याच रात्री हमरस्त्यावर त्याचा ट्रक उलटला. तेव्हापासून अपांचं एकच पालुपद, "इतक्या जवळ आला, पण पोरानं एक फोन केला नाही."

फोन केला होता. मीच घेतला होता. हे मी आयुष्यात एकदाच बोलले, तेही बीअरच्या भरात, डेलपाशी.

"नवं गाणं आहे, डॉन मेलितोन," डेल अपांना अदबीनं म्हणाला. "शब्द आधी सांगत नाही. ऐकत ऐकत वाजवा."

"तुझी गाणी म्हणजे सगळी मयताची," अपा हसले. "एखाद्याचं लग्न लाव की कधीतरी!"

रेकॉर्डिंगची टेप सुरू झाली. पहिल्याच कडव्यात पेट्रोल पंपावरून कुणीतरी घरी फोन लावला. दुसऱ्या कडव्यात बहीण म्हणाली, येऊ नकोस, बाप तुझं नावही काढत नाही. डेलचा गळा धरावासा वाटला, पण हात आपले तालात चालतच राहिले. अपांची पाळी आली. त्यांनी हवेचं बटण दाबून भाता उघडला, पण बोटं सुरांवर गेलीच नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

गाणं कसंबसं संपलं.

"पुन्हा घेऊ या?" डेलनं विचारलं.

"तू गप्प बस. लिंडा, फोन कुणी उचलला?"

"मी."

"मला हाक का नाही मारलीस?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या खोट्याचा मला वीट आला होता.

"तो आला असता, तर बाहो त्याच्याकडे गेली असती, अपा."

डेल मान खाली घालून बाहेर निघून गेला. अपा खांद्यावरचा पट्टा सोडवायला लागले. बक्कल निघेना, म्हणून मी पुढे झाले.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. मग बक्कल तसंच सोडून, "काय म्हणाला तो?"

"विचारत होता, अपा जेवले का."

"आणि तू?"

"म्हटलं, केव्हाच जेवून झोपले."

अपांनी अकॉर्डियन मांडीवर तसंच धरून ठेवलं.

"मी जेवलो नव्हतो गं," ते म्हणाले. "त्याचा वाढदिवस होता ना. दोन ताटं वाढून मागच्या अंगणात बसलो होतो."